बोधनविज्ञानाचा मराठी कोश आखताना: शीर्षकयादीपासून छपाईपर्यंत

बोधनविज्ञानाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा, कोश काढायचा ठरवलेल्या गटाची पहिली बैठक बहुधा लेखक कोण कोण मिळतील या चर्चेतच संपते. फोन लागतात, सगळे हो म्हणतात, आणि सहा महिन्यांनी संपादकाच्या हाती स्मृतीवर तीन लेख, मेंदूवर पाच आणि मुलं भाषा कशी शिकतात यावर एकही नाही अशी बेरीज येते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी व्याप्ती, मग शीर्षकयादी, म्हणजे घ्यायच्या नोंदींची यादी, मग शब्दांचा हिशेब, मग नमुना नोंदी. ही चार कामं पक्की झाल्याशिवाय एकाही लेखकाला पत्र पाठवू नका.

पुढचं सगळं एकखंडी कोश डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या दोन-तीन महाविद्यालयांतले प्राध्यापक, एखादा ग्रंथपाल आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी मिळून तीन वर्षांत जमेल एवढं ते काम आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले आणि त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेचेच होते. एकखंडी कोशाला तो मोह परवडत नाही. प्रस्तावना आठ पानांत संपवा.

व्याप्तीपत्र: एकच पान

कॉग्निटिव्ह सायन्सला आपण इथे बोधनविज्ञान म्हणू. हे एक शास्त्र नाही, शेजारशेजारच्या सहा शास्त्रांचा सामायिक प्रश्न आहे: मन किंवा मेंदू माहिती मिळवतो, साठवतो आणि वापरतो ती कशी? स्लोन फाउंडेशनसाठी १९७८ मध्ये तयार झालेल्या अहवालात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान अशी सहा शास्त्रं षट्कोनाच्या कोपऱ्यांवर मांडली होती. कोशाचे सहा विभाग तिथूनच घ्या. नवी विभागणी शोधण्यात दोन महिने घालवण्यात अर्थ नाही. १९९९ मध्ये निघालेल्या एमआयटीच्या एकखंडी कोशातही सहा विभागांचे सहा प्रास्ताविक लेख आणि ४७१ नोंदी आहेत. एका खंडात काय मावतं याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

व्याप्तीपत्रात तीन गोष्टी लिहा. वाचक कोण? 'सर्वसामान्य जिज्ञासू' हे उत्तर चालणार नाही. 'कुठल्याही शाखेचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, मराठीतून वाचणारा विद्यार्थी' असं नेमकं लिहा. दुसरं, काय घ्यायचं. तिसरं, आणि खरं महत्त्वाचं, काय नाही घ्यायचं. मानसिक आजारांचे उपचार, समुपदेशन, व्यक्तिमत्त्व विकास, अभ्यासाच्या युक्त्या आणि ध्यानधारणेचे फायदे बाहेर ठेवा. हे विषय वाईट नाहीत, पण एकदा दार उघडलं की निम्मा कोश तेच खातात. आजारांपैकी फक्त ज्यांच्यामुळे बोधनाबद्दल काही कळलं तेवढेच येतील. ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेला वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाणं, येईल, नैराश्यावरची औषधं नाहीत.

या पानावर सहाही विभाग-संपादकांच्या सह्या घ्या. वर्षभराने कुणी तरी 'आपण योगाभ्यासावर एक मोठी नोंद घेऊया' म्हणणारच. तेव्हा वाद न घालता हे पान पुढे करता येतं.

शीर्षकयादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन महिने लागले तरी हरकत नाही. प्रत्येक विभाग-संपादकाने आपल्या विषयाच्या तीन पाठ्यपुस्तकांच्या शेवटच्या सूच्या काढाव्यात आणि तिन्हींत आलेले शब्द वेगळे करावेत. विषयाचा गाभा तोच. दोनांत आलेले शब्द दुसऱ्या फेरीला ठेवा. एकातच आलेला शब्द सोडून द्या. त्याच्यासाठी कुणी भांडलं तरच विचार करा.

यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवा, वर्डच्या फाइलीत नको. रकाने एवढे पुरतात: क्रमांक, शीर्षक, पर्यायी नावं, विभाग, दर्जा, शब्दमर्यादा, 'यात काय', 'यात नाही', पहा, लेखक, स्थिती, तारीख. क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही. शीर्षक चारदा बदलेल, पण 'मा-०१७' म्हणजे मानसशास्त्र विभागाची सतरावी नोंद शेवटपर्यंत तीच राहील.

'यात नाही' हा रकाना बहुतेक गट गाळतात आणि पुढे पस्तावतात. स्मृतीचं कुटुंब घ्या. 'स्मृती' ही मोठी नोंद: प्रकार, इतिहास, मापनपद्धती, यात नाही: मेंदूतली यंत्रणा. 'घटनास्मृती': टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये घटनांची आणि अर्थांची स्मृती वेगळी केली तिथपासून पुढे. 'विस्मरण': एबिंगहाऊस यांचे १८८५ मधले निष्कर्ष इथे. 'साक्षीदाराची आठवण': लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा मोटार-अपघाताच्या चित्रफितींवरचा प्रयोग इथे. 'हिप्पोकॅम्पस', म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग: एच. एम. या रुग्णाची हकिकत आणि उंदरांच्या मेंदूतल्या, आपण कुठे आहोत ते नोंदणाऱ्या स्थान-पेशी इथे.

हे न ठरवता लेखकांना मोकळं सोडलं तर एच. एम. पाचही नोंदींत सविस्तर येतो. ती गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडते. १९५३ मधली मेंदूवरची शस्त्रक्रिया, नवीन काहीच लक्षात न राहणं, आरशात बघून तारा काढण्याचं कौशल्य मात्र दिवसेंदिवस सुधारणं, हे सगळं पाच ठिकाणी पाच वेगळ्या तपशिलांनी छापलं जातं. नियम असा करा: प्रत्येक प्रयोगाला, रुग्णाला आणि सिद्धांताला एकच घर. बाकी ठिकाणी एक वाक्य आणि 'पहा'.

व्यक्तींच्या नोंदी कमी ठेवा, चारशेत पंचवीसच्या वर नकोत. भाषाविज्ञानातले चॉम्स्की, संगणकशास्त्रातले ट्युरिंग, निर्णयप्रक्रियेचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन यांचं काम विषयाच्या नोंदींतूनच नीट कळतं. चरित्र वाचायला इतर जागा आहेत. भारतीय तत्त्वज्ञान मात्र सोडू नका. न्यायदर्शनातली प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं म्हणजे ज्ञान कसं मिळतं याची शिस्तशीर चर्चा आहे, आणि पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांशिवाय नियमाधारित व्याकरणाची नोंद अपुरीच राहील. पण 'आपल्याकडे हे आधीच ठाऊक होतं' असा सूर लागला की संपादकाने तिथेच लेखणी चालवावी.

कोकणातलं काय घ्यायचं?

इथल्या गटाने काढलेल्या कोशाला बाहेरच्या कोशांत नसलेली सामग्री सहज मिळते. किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. पंचमीला पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पाऊण तास हा त्या आकड्याचा तोंडी हिशेबाला सोपा पडणारा जवळचा आकडा. 'अंगठेनियम', म्हणजे थोड्या माहितीवर पुरेसं बरोबर उत्तर देणारी युक्ती, या नोंदीला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. रापणीत, म्हणजे मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून मासे धरताना, किनाऱ्यावरचे दोर ओढणारे आणि होडीतले लोक मिळून एकच काम करतात, पण सगळं काम एकाच्याच डोक्यात नसतं. हचिन्स यांनी जहाजावरच्या दिशानिश्चितीचा अभ्यास करून मांडलेलं 'वितरित बोधन' समजावताना हे वापरा. दशावतारी नट लिखित संहितेशिवाय ऐनवेळी संवाद रचतात. ते 'उत्स्फूर्त रचना' या नोंदीत जाईल.

मराठीचंही तसंच. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला ऐकणाऱ्याला धरून की सोडून हा भेद इंग्रजीच्या 'वुई'त नाही. त्रेसष्ट, एकोणऐंशी असे अंक उलटे वाचण्याचा मुलांच्या गणितावर काय परिणाम होतो, हा वाद २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पद्धत आणली तेव्हा घरोघरी गाजला. 'संख्याबोध' या नोंदीत तो आलाच पाहिजे.

मर्यादा एकच. ज्यावर अभ्यास झालेला नाही ते उदाहरण म्हणून द्या, निष्कर्ष म्हणून नको. 'रापणकरांची अवकाशीय स्मृती तीव्र असते' हे वाक्य मोजणी झाल्याशिवाय कोशात येता कामा नये.

शब्दांचा हिशेब

तीन दर्जे पुरतात. 'क' दर्जाच्या १० नोंदी प्रत्येकी ३,००० शब्दांच्या, 'ख' दर्जाच्या ९० नोंदी १,००० शब्दांच्या, 'ग' दर्जाच्या ३०० नोंदी ३०० शब्दांच्या. बेरीज २,१०,०००. मोठ्या आकाराच्या दोन रकानी पानावर ६०० शब्द धरले तर ३५० पानं. आकृत्या, परिभाषासूची आणि विषयसूची यांची ७५ पानं मिळवली की सव्वाचारशे होतात. हा हिशेब छापखान्याला आधीच दाखवा, कारण कागद आणि बांधणीचा खर्च यावरच ठरतो.

मर्यादेपेक्षा दहा टक्के इकडेतिकडे चालेल, त्यापुढे नाही. ३०० शब्दांच्या जागी ९०० शब्द पाठवणारे हमखास भेटतात आणि ते बहुधा ज्येष्ठ असतात. कापाकापी संपादकाने स्वतः करू नये. कुठली तीन वाक्यं ठेवायची एवढंच त्यांना विचारावं.

नमुना नोंद

प्रत्येक दर्जाची एकेक नोंद संपादक मंडळाने स्वतः लिहावी, छापील वाटावी इतकी पक्की. लेखकांना सूचनांचं पत्रक देऊन फारसं हाती लागत नाही. नमुना दिला की लोक त्याच्याकडे बघून लिहितात.

'कार्यकारी स्मृती'ची नोंद अशी उभी राहील. पहिलं वाक्य व्याख्येचं: चालू कामाला लागणारी माहिती थोडा वेळ धरून ठेवणारी आणि तिच्यावर प्रक्रिया करणारी, मर्यादित क्षमतेची मानसिक व्यवस्था. पहिल्याच वाक्यात 'मानवी मन हे एक गूढ आहे' असं काही आलं तर नोंद परत. दुसऱ्या परिच्छेदात एक उदाहरण: हर्णैच्या मासळी लिलावात खरेदीदार चालू बोली लक्षात ठेवतो, हातातल्या पैशांशी ताडून बघतो आणि त्याच वेळी पुढची बोली ऐकतो. मग सिद्धांत: बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये मध्यवर्ती नियंत्रक, शब्दध्वनींचं वेटोळं आणि दृश्य-अवकाशीय फळा असे तीन भाग मांडले, बॅडली यांनी २००० मध्ये चौथा जोडला. मग क्षमता. इथे नवखे हमखास घसरतात. मिलर यांचा १९५६ चा 'सात, दोन कमी किंवा जास्त' हा आकडा देऊन थांबतात. कोवन यांनी २००१ मध्ये पुनरावलोकन करून, मनात घोकणं आणि गट पाडणं यांना वाव न दिल्यास आकडा चारच्या आसपास येतो असं दाखवलं. दोन्ही आकडे आणि त्यांत फरक का पडतो ते लिहिलं तरच नोंद पुरी. शेवटी मतभेद, आणि 'पहा'.

परिभाषा

एकच संकल्पना मानसशास्त्राचा लेखक एका शब्दाने लिहितो, संगणकाचा दुसऱ्याने, आणि मेंदूविज्ञानवाला इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवतो. लेखन सुरू होण्याआधी दीडेकशे शब्दांची यादी पक्की करा. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतला शब्द रुळलेला असेल तर तोच घ्या. तो वाचताना अडखळायला होत असेल तर रुळलेला इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवा. न्यूरॉनला न्यूरॉनच म्हणा. यासाठी दोन बैठका ठेवा, तिसरी नको. या विषयावर गट फुटतात.

लेखक आणि वेळापत्रक

एका लेखकाला आठपेक्षा जास्त नोंदी देऊ नका. चारशे नोंदींना पन्नास लेखक लागतात. गळती गृहीत धरून सत्तर नावं हाताशी ठेवा. प्रत्येकाला लेखी पत्र द्या: नोंदीचा क्रमांक, शब्दमर्यादा, 'यात काय' आणि 'यात नाही', तारीख, मानधन, आणि संपादनाचा व छपाईचा हक्क मंडळाकडे राहील याला संमती. संमती नसेल तर पुढे दुसरी आवृत्ती किंवा इंटरनेटवरची प्रत अडकते.

मुदतीच्या तारखा कॅलेंडर बघून टाका. एप्रिल-मे आंब्याचे, शिमगा आणि गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं, मार्च-एप्रिलमध्ये पेपर तपासणी. या काळातली मुदत कुणीही पाळत नाही आणि पाळावी अशी अपेक्षाही करू नये. जुलै आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे लिहून घेण्याचे महिने.

विभाग-संपादकाकडे सरासरी ६७ नोंदी येतील. आठवड्याला तीन तपासल्या तर पाच महिन्यांहून थोडं जास्त. त्याहून वेगाने जाणारा संपादक वाचत नसतो, सही करत असतो. प्रत्येक नोंद दुसऱ्या विभागाच्या एका माणसानेही वाचावी, आणि त्याने फक्त एवढंच सांगावं की मला कुठे कळलं नाही.

पडताळणी

प्रयोग कधी झाला आणि निबंध कधी छापला, ही वर्षं वेगळी असतात. एच. एम. ची शस्त्रक्रिया १९५३ ची, स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध १९५७ चा. हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झालं २००८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर. ठरवा की कोशात कंसातलं वर्ष नेहमी प्रकाशनाचं असेल. घटनेचं वर्ष वाक्यात लिहायचं.

दुसरी अडचण मोठी आहे. २०१५ मध्ये एका मोठ्या संशोधकगटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळचा परिणाम सांख्यिकीय कसोटीवर पुन्हा दिसला. म्हणजे पाठ्यपुस्तकात आहे म्हणून खरं, असं धरता येत नाही. प्रत्येक प्रायोगिक निष्कर्षापुढे स्प्रेडशीटमध्ये एक खूण ठेवा: पुन्हा पुन्हा पडताळलेला, वादग्रस्त, किंवा पुन्हा न दिसलेला. स्ट्रूप यांचा १९३५ चा रंग आणि शब्दांचा परिणाम ('लाल' हा शब्द निळ्या शाईत असला की शाईचा रंग सांगायला वेळ लागतो) पहिल्या गटात येतो. इच्छाशक्ती वापरून संपते ही कल्पना वादग्रस्तात टाका. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा, किंवा आपण मेंदू दहाच टक्के वापरतो, असल्या समजुतींसाठी 'गैरसमज' अशी वेगळी नोंद करा. वाचक त्या शोधत येणारच.

प्रयोग कुणावर झाला तेही लिहायला लावा. हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की 'माणसांचं' म्हणून सांगितलेलं बरंच काही पाश्चात्त्य, सुशिक्षित समाजांतल्या लोकांवरच तपासलेलं आहे. 'अमेरिकन विद्यार्थ्यांवर' एवढे दोन शब्द नोंदीचा अर्थ बदलतात.

पहा-जाळं आणि अकारविल्हे

प्रत्येक नोंदीत किमान दोन आणि जास्तीत जास्त सहा 'पहा'. यादी तयार झाली की तीन गोष्टी तपासा: 'पहा' म्हटलेली नोंद खरोखर आहे का, एकमेकींकडे बोट दाखवून दोन्ही रिकाम्या राहणाऱ्या जोड्या आहेत का, आणि जिच्याकडे कुणीच पाठवत नाही अशी अनाथ नोंद कोणती. अनाथ नोंद बहुतेक वेळा काढून टाकण्याजोगीच असते.

अकारविल्हे क्रम संगणकावर सोडला की गोंधळ ठरलेला. नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर 'ॲ' हे एकसंध अक्षर 'ह'च्याही पुढे जाऊन बसतं. तोच शब्द 'अ' आणि वर चंद्र असा जोडून टंकला तर सुरुवातीला येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. ॲरिस्टॉटल शेवटच्या पानावर सापडला तर कारण हे. 'ळ' त्याच क्रमात 'ल'च्या लगेच नंतर येतो, वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' हे 'क' आणि 'ज'खाली घ्यायचे की शेवटी, हे मंडळाने ठरवून प्रस्तावनेत छापावं. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो आणि शोधताना एक तऱ्हा दुसरीला ओळखत नाही. सगळ्या फाइलींत एकच ठेवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात. तो रूपांतरानंतर माणसानेच वाचायला हवा.

जतन

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बाजारपेठेत पाणी शिरलं. म्हणून एक प्रत क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक डिस्क घाटावरच्या कुणाकडे तरी. मे संपण्याआधी त्या दिवसापर्यंतच्या यादीचा कागदी छापा काढा आणि तळमजल्यावर ठेवू नका. कागदी टाचणं असतील तर पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. लाकडी खणात ऑगस्टपर्यंत बुरशी धरते.

छपाईच्या आधी

आकृत्या पुन्हा काढून घ्या; पुस्तकातली मेंदूची चित्रं स्कॅन करून वापरली तर हक्कांचा प्रश्न येतो. मजकूर गोठवण्याची तारीख जाहीर करा आणि ती पुस्तकात छापा, म्हणजे नंतरचं संशोधन का नाही हे वाचकाला कळेल. विषयसूची पानं लागल्यावरच करायची असते, तिला पूर्ण महिना राखून ठेवा. त्याच महिन्यात विषयाशी संबंध नसलेल्या दोन विद्यार्थ्यांना कच्ची प्रत देऊन वीस प्रश्नांची उत्तरं शोधायला सांगा. उत्तर ज्या शब्दाखाली त्यांनी शोधलं आणि सापडलं नाही, तो शब्द सूचीत 'पहा' करून घाला.